ओळ न् ओळ माझी

पेढा अर्धा तोंडात असताना मी मुनीरला विचारलं, "कशाचे रे?"

"आधी गिळ," तो म्हणाला. "मग सांगतो."

मुनीर शिकलगार आमच्याकडे टेस्टिंगला होता. तो मिरजेचा, मी इचलकरंजीची. पुण्यातल्या त्या ऑफिसात आम्ही दोघं गावाकडचं बोलायला लागलो की बाकीचे गालातल्या गालात हसायचे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून मी त्याच सकाळी गावाहून आले होते. पिशवी अजून खांद्यावर होती, आणि कॅन्टीनच्या टेबलावर कंदी पेढ्यांचा खोका उघडा दिसला. फुकटचा पेढा दिसला की मी चौकशा करत बसत नाही.

"निनादचा ड्रायव्हर झाला," मुनीर म्हणाला. "काकडे सरांनी त्याला आर्किटेक्ट केलंय, थेट वरच्या पदावर. त्याचे पेढे."

"निनादचा कुठला ड्रायव्हर?"

मुनीर खोक्याचं झाकण लावायला लागला, ते नीट बसत नव्हतं तरी दाबत राहिला. तेव्हा मला कळलं, मी कशाचा पेढा खाल्ला ते. थुंकायलाच हवा होता, पण तोवर गिळून झाला होता.

आमची कंपनी, म्हणजे काकडे सरांची, बावधनला, एका फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. आम्ही माहिती साठवायचे, डिस्कचे मोठे खोके बनवायचो. एकच खोका, पण गावोगावच्या शाखांनी एकाच वेळी वापरायचा, आणि ज्याचं त्यालाच दिसायचं. पेटी कुणीही जुळवतो. खरं काम ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पार आत बसून त्या खोक्याशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं. तो मी लिहिला होता. वर्ष गेलं त्यात माझं. गणपतीला घरी गेले नाही, मावसबहिणीच्या लग्नाला अक्षता टाकून परत बस धरली.

निनाद रेगे माझा टीम लीड. उंच, गोड आवाजाचा, आणि इंग्रजी असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकतंय. आमच्या धंद्यात साहेबालाही अरे-तुरे करतात. त्यामुळे गळा दाबणारासुद्धा मित्रच वाटतो. मी गावी निघाले तेव्हा तो म्हणाला होता, "अनू, तुझं काम जरा बघायला देऊन जा. तू नसताना कुणी काही विचारलं तर मी तोंडघशी पडायला नको." मी दिलं.

आता आमच्याकडची पद्धत अशी की केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद करणाऱ्याच्या नावाने राहते. कुठलीही ओळ घ्या, ही कुणाची म्हणून कॉम्प्युटरला विचारा, तो नाव सांगतो. निनादने माझ्या वर्षभराच्या सगळ्या नोंदींचा एकच लाडू वळला, त्यावर स्वतःचं नाव घातलं, आणि माझ्या मूळ नोंदी साफसफाई म्हणून पुसून टाकल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळाचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेत नाही.

मी पिशवी खांद्यावरच ठेवून त्याच्या काचेच्या केबिनमध्ये गेले.

"ये, ये. आई कशी आहे?"

"बरी आहे. निनाद, ड्रायव्हरवर तुझं नाव आहे."

"हो गं. सगळं एका नावावर असलं की पुढे सांभाळायला सोपं जातं."

"लिहिलाय मी."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "अनू, तू टायपिंग केलंस. डिझाइन कुणाचं होतं? मीटिंगमध्ये कोण बोलत होतं?"

"बोलत तूच होतास."

"झालं तर मग. आणि खरं सांगू का, राग मानू नकोस, तुझ्या कोडमध्ये कचरा फार होता. प्रत्येक उत्तराच्या आधी सगळी मेमरी कसल्यातरी खुणांनी भरत बसली होतीस. मी ते सगळं काढून टाकलं. ड्रायव्हर पळायला लागला. काकडे सरांना तो स्पीड बघूनच पटलं."

टायपिंग हा शब्द माझ्या डोक्यात असा घुसला की पुढचं कानांवर पडूनही आत गेलं नाही. आमची आई इचलकरंजीत मागवाल्यांसाठी, यंत्रमागावरच्या कामगारांसाठी, खाणावळ चालवायची. शे-दोनशे ताटं वाढून झाल्यावर कुणी तिला म्हणालं असतं, की तू काय, नुसत्या पोळ्या लाटल्यास, तर तिने त्याला लाटणं दाखवलं असतं. मी नुसती पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पुढच्या आठवड्यात नाशिकच्या लॅबवाल्या कर्णिक मॅडमचा डेमो आहे," निनाद म्हणाला. "की-बोर्डवर तू बस. बोलणं मी बघतो. तुझा हात चांगला चालतो."

जेवणाच्या सुट्टीत मी जेवले नाही. मुनीर डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी त्याला म्हटलं, "काकडे सरांकडे जाते."

"जा. काय दाखवणार? नोंदी पुसल्यात त्यानं. तू म्हणणार माझं, तो म्हणणार माझं. आणि बोलायला तो तुझ्यापेक्षा बरा आहे." मुनीरने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "खा की. उपाशी भांडण नीट होत नाही."

मी घास घेतला, आणि हात तसाच राहिला. निनादचं ते पुढचं वाक्य आत्ता आत गेलं होतं. त्याने खुणा काढल्या होत्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पार आतला भाग, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तो म्हणजे खाणावळीचं स्वयंपाकघर. बाहेरच्या प्रोग्रॅमने तिथे पाऊल टाकायचं नाही. त्याने खिडकीशी उभं राहून मागायचं, आणि आतून ड्रायव्हरने ताट सरकवायचं. ताट कप्प्यांचं असतं. आणि तेच ताट दर वेळी नव्या माणसाला जातं. आत्ता एकाचा कागद वाहून नेला, मग त्याच ताटात दुसऱ्याला उत्तर वाढलं. ताट धुतलं नाही आणि सगळे कप्पे भरले नाहीत, तर रिकाम्या कप्प्यातलं पहिल्याचं उष्टं दुसऱ्याकडे जातं. वरवर कुणाला दिसत नाही, कारण खाणारा भरलेल्या कप्प्यांकडेच बघतो. शोधायला गेलं तर मात्र सापडतं.

म्हणून ताट धुवायचं, म्हणजे त्यात आधी शून्यं भरायची. पण माझी सवय अशी की काम चालू असताना मी ताट धूत नाही. धुतलेल्या ताटात कुठला कप्पा भरायचा विसरला ते ओळखू येत नाही, रिकामा तो रिकामाच दिसतो. म्हणून मी प्रत्येक ताटात आधी माझी खूण भरते, तांदळात मुद्दाम खडे टाकावेत तशी. बाहेर खडा आला की समजायचं, हा कप्पा राहिला. सगळं काम संपलं की शेवटच्या दिवशी खुणेची ओळ काढायची आणि तिथे धुण्याची ओळ घालायची. एकच ओळ. मी गावाला गेले तेव्हा तो शेवटचा दिवस राहिला होता.

निनादने खुणा कचरा म्हणून फेकल्या आणि त्यांच्या जागी काहीच घातलं नाही. खुणा ठेवल्या असत्या तर बाहेर खडे गेले असते. त्याने त्या काढल्या, आणि आता उष्टं जात होतं.

"मुनीर," मी म्हटलं, "तुझ्या मशीनवर ये."

मी माझ्या नावाने आत शिरून छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या ड्रायव्हरला कुणीही साधा माणूस विचारू शकतो असा एक प्रश्न होता, खोक्याची तब्येत कशी आहे म्हणून. डिस्क तापली का, भरली का, एवढंच. उत्तराचे दोन-चार कप्पे भरायचे, बाकीचं ताट रिकामं. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा मागितलं आणि आलेलं अख्खं ताट जसंच्या तसं स्क्रीनवर ओतलं. आधी नुसती चिन्हं, मग एक तुटकं वाक्य आलं, 'आजीची प्रकृती अत्यवस्थ असल्याने मला सोमवारी'.

"हा माझा रजेचा अर्ज आहे," मुनीर म्हणाला.

"आजी पुन्हा अत्यवस्थ?"

"गप की गं." त्याचा चेहरा उतरला, पण आजीमुळे नाही. "हे मी फक्त माझ्या खात्यात ठेवलंय. दुसऱ्याला दिसायलाच नको. अनू, मी आत्ता बग टाकतो, सगळ्यांना दिसेल अशी चूक नोंदवतो."

"टाकू नकोस."

"अगं, गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई आहे. लॅबचे रिपोर्ट आहेत लोकांचे. कुणाला दिवस गेलेत, कुणाला कसला आजार आहे. साताऱ्याच्या काउंटरवरच्या पोराला नाशिकच्या बाईचा रिपोर्ट दिसला तर?"

"मला कळत नाही का ते? पण तू आज बग टाकलास तर काय होईल ते सांग. निनाद त्यावर एक ओळ लिहिणार आणि काकडे सरांना सांगणार, बघा, डेमोच्या आधी मी केवढी चूक पकडली. पुन्हा पेढे. मला चालणार नाही."

"मग काय करणार?"

"डेमोत दाखवणार. त्याच्याच तोंडून वदवून घेणार आधी, की ओळ न् ओळ त्याची आहे. मग दाखवणार. सही व्हायच्या आधी."

मुनीरने बराच वेळ डबा चिवडला. "नाही जमलं तुला, तर त्याच दुपारी मी सगळ्यांसमोर बग टाकणार. मग तू रडलीस तरी ऐकणार नाही."

"टाक. मीच सांगते टाक म्हणून."

मधले दिवस मी निनादशी इतकी गोड वागले की मलाच मळमळलं. त्याच्या स्लाइड तपासल्या, शुद्धलेखन सुधारलं. एकदा वाटलं, त्याने एका वाक्यात जरी म्हटलं, अनूचं काम आहे हे, तर मी त्याच मिनिटाला सांगून टाकीन. मी वाटही पाहिली. त्याने स्लाइडवर स्वतःचा फोटो घातला.

डेमोच्या दिवशी काकडे सर नवा शर्ट घालून आले होते. भोसरीत सर्किट बोर्ड जोडण्यापासून सुरुवात केलेला माणूस. कंपनी त्यांच्या घरावर उभी होती आणि हे काम मिळणं त्यांना गरजेचं होतं. डॉक्टर उल्का कर्णिक नाशिकहून आल्या, बरोबर मुलगा अमेय, जो त्यांच्या लॅबचा कारभार बघायचा. साठीच्या आसपासच्या बाई, केस पांढरे, बोलणं थोडं. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात बघितलेली माणसं समोरच्याकडेही तसंच बघतात.

निनाद छान बोलला. ते नाकारून चालणार नाही. त्याचं संपल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मला यातलं फारसं कळत नाही. एकच विचारते. माझ्या एका सेंटरचं दुसऱ्या सेंटरला दिसेल का?"

"अशक्य, मॅडम."

"कशावरून?"

"कारण हा ड्रायव्हर मी स्वतः लिहिलाय."

मी की-बोर्डवरून मान वर केली. "निनाद, पुढे मॅडमना काही अडलं तर फोन कुणाला करायचा ते आत्ताच ठरलेलं बरं. ह्यात माझं वगैरे काही आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही, नाही. ओळ न् ओळ माझी. अनू फक्त टायपिंगला बसलीये."

काकडे सरांनी मान डोलावली. खिडकीशी बसलेल्या मुनीरने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

"मग करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. "मी काहीतरी लिहून ठेवते. तुम्ही ते दुसऱ्या सेंटरमधून शोधा."

मी उठून त्यांना खुर्ची दिली. निनाद म्हणाला, "अनू, प्रोजेक्टर बंद कर. मॅडम, काहीही लिहा. तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही. आम्हालाही नाही."

"काहीही लिहून परीक्षा होत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर आलं तर मला बोचेल असंच लिहायला हवं."

त्या डाव्या हाताच्या एका बोटाने लिहीत होत्या. उजवा हात मांडीवरच्या पर्सवर होता. वयस्क माणसं अशीच टाइप करतात, म्हणून मी त्याचा काही विचार केला नाही. लिहून झाल्यावर मी ते त्यांच्या नाशिकच्या खात्यात बंद केलं, पुन्हा बसले, आणि साताऱ्याच्या काउंटरवरच्या माणसाच्या नावाने आत शिरले. प्रोजेक्टर लावला.

"उघड ती फाइल," निनाद म्हणाला.

मी उघडायला गेले. स्क्रीनवर आलं, परवानगी नाही.

निनादने दोन्ही हात पसरले. काकडे सरांनी श्वास सोडला. अमेयने बॅगेतून कराराचे कागद काढले आणि आईपुढे पेन ठेवलं.

"मॅडम, एक राहिलं," मी म्हणाले. "खोक्याची तब्येत बघायची राहिली. हे तुमच्या प्रत्येक काउंटरवर दिसणार आहे, अगदी झाडूवाल्यालाही."

"त्याची काही गरज नाहीये, अनू."

"बघू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं नव्हतं.

मी माझा प्रोग्रॅम चालवला. भिंतीवर चिन्हं ओतायला लागली. निनाद म्हणाला, "हे काय काढलंयस?" आणि तेवढ्यात चिन्हांच्या मधून मराठी अक्षरं वर आली. आधी अर्धा शब्द, मग पुढच्या ताटात आणखी, मग एक आख्खा तुकडा भिंतीवर उभा राहिला.

'उजवा हात थरथरतो. स्लाइड धरवत नाही. अमेयला सांगितलेलं ना'

मी ठरवलेलं सगळं झालं होतं, अगदी जसंच्या तसं. मला वाटलं होतं त्या कुणाचं तरी नाव लिहितील, एखादा खोटा रिपोर्ट लिहितील. मी निनादला मारायला काठी उचलली होती, ती आधी ह्या बाईला लागली.

"आई?" अमेय म्हणाला.

"घरी बोलू," डॉक्टर म्हणाल्या. मग मला, शांतपणे, "बंद करा."

मी प्रोजेक्टर बंद केला. त्यांनी निनादकडे वळून विचारलं, "हे साताऱ्याच्या काउंटरवर दिसलं?"

निनादच्या कपाळावर घाम आला होता. मग त्याला एकदम वाट दिसली.

"सर, हे अनूचं आहे," तो काकडे सरांना म्हणाला. "खरं सांगायचं तर पूर्ण ड्रायव्हर तिनेच लिहिलाय. वर्षभर तीच करत होती. मी फक्त वरवर बघून नाव लावलं. मुनीरला विचारा. सगळ्यांना माहितीये."

चोराच्या उलट्या बोंबा असतात, पण ह्या चोराने चोरलेला माल सगळ्या गावासमोर माझ्या दारात आणून ठेवला होता. जे मी त्याच्या केबिनमध्ये मागितलं होतं, ते तो आता मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या तोंडाने देत होता.

काकडे सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अनू, हा ड्रायव्हर तुझा आहे?"

मुनीर माझ्याकडे बघत होता. हो म्हण, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. हो म्हटलं असतं तर वर्ष परत मिळत होतं. नाव, पद, सगळं. त्याच्याबरोबर हे उष्टंही माझं झालं असतं, पण ते खोडून काढता आलं असतं. खुणांचं सगळं समजावून सांगता आलं असतं. तो विचार माझ्या मनात येऊन गेला. पण माझ्या कानात एकच शब्द होता.

"नाही सर," मी म्हणाले. "मी टायपिंग केलं."

निनादने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी तो आठवडा काढला होता.

"ओळ न् ओळ माझी, असं आत्ताच म्हणालास ना?" काकडे सर त्याला म्हणाले. "जरा बाहेर थांब."

तो बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हे दुरुस्त होतं का?"

"एका ओळीचं काम आहे, मॅडम. ताट धुवायचं राहिलंय."

"कोण धुणार?"

"मी. पण माझ्या नावाने."

"मग इथेच धुवा. मी बसते."

मी तिथेच ती ओळ लिहिली. आमच्यात असा नियम आहे की दुरुस्ती करताना खाली लिहावं लागतं, चूक कुठल्या नोंदीने आत आली आणि ती नोंद कुणाची. मी लिहिलं. निनाद रेगे, हे नाव मी इतक्या सावकाश कधीच टाइप केलं नव्हतं. मग पुन्हा प्रोग्रॅम चालवला. भिंतीवर शून्यं आली, नुसती शून्यं. डॉक्टर ती बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी डाव्या हाताने सही केली.

जिन्याशी त्यांनी मला थांबवलं. अमेय खाली गाडी काढायला गेला होता.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं."

"हो."

"मला एक फोन करता आला असता."

"आला असता."

"मग?"

"फोन केला असता तर त्यानेच ते दुरुस्त केलं असतं. आणि त्याचेही पेढे वाटले असते."

पेढ्यांचं त्यांना काय कळणार, पण बाकीचं कळलं असावं. त्यांनी पर्स डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. तो पानासारखा हलत होता. "नाशिकपर्यंत चार-पाच तास लागतात," त्या म्हणाल्या. "आता सगळा रस्ता ह्याच्याबद्दल बोलावं लागणार."

मी त्यांची माफी मागितली. निनादची कधीच मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सकाळी कंदी पेढ्यांचा खोका विकत घेतला आणि थेट त्याच्या केबिनमध्ये गेले. त्याचं पद काढून घेतलं होतं, केबिन अजून होती. मी खोका उघडून त्याच्यापुढे धरला.

"कशाचे?" त्याने विचारलं.

"आधी गिळ. मग सांगते."

त्याने हात पुढे केला नाही. मी खोका टेबलावर उघडाच ठेवून आले. मुंग्या लागेपर्यंत तो तिथेच होता म्हणे.

मुनीर मात्र माझ्यावर चिडला. "तो परत देत होता की. सगळ्यांसमोर. घ्यायचं सोडून टायपिंग केलं म्हणतीस. आता जन्मभर त्याच्या नावावर राहिलं ते."

"त्याने दिलं म्हणून घ्यायला मी भीक मागत होते का?"

"राग तुझा, नुकसान तुझं," तो म्हणाला. "मज्जा आहे तुझी."

त्याचं खरं ठरलं. पुढे काकडे सरांनी तो ड्रायव्हर सगळ्या जगाला वापरायला खुला केला, आणि आज तो कुठे कुठे चालतो त्याची मोजदाद मलाही नाही. निनाद वर्षाच्या आत दुसरीकडे गेला आणि मोठा झाला. भाषणाआधी त्याची ओळख करून देतात तेव्हा त्या ड्रायव्हरचा कर्ता म्हणून देतात. तो ते खोडत नाही. खोडणार तरी कसा, ओळ न् ओळ त्याची आहे असं मीच त्याच्याकडून वदवून घेतलंय आणि नको म्हणून मीच परत केलंय.

मागच्या वर्षी मी नव्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले. समोरच्या पोराने तो ड्रायव्हर स्क्रीनवर उघडला होता.

"मॅडम, तुम्ही ह्या टीममध्ये होता ना? पण ह्यात तुमची एकच ओळ दिसतेय."

"एकच आहे."

"बाकी सगळं निनाद रेगेंचं?"

"ओळ न् ओळ."

"मग ही तुमची ओळ काय करते?"

"खालची नोंद वाच," मी म्हटलं. त्याने वाचली, आणि निनादचं नाव आलं तिथे थांबून तो जरासा हसला. नोकरी मिळाली.

घरी आल्यावर हे सगळं मी आईला पहिल्यांदाच सांगितलं. आता ती माझ्याकडेच असते, खाणावळ कधीच बंद झाली. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराला पुसला.

"म्हणजे स्वयंपाक तू केलास," ती म्हणाली. "नाव झालं त्याचं. आणि जगात तुझं नाव राहिलं ते भांडी घासणारी म्हणून."

इतक्या वर्षांत मुनीरनेसुद्धा ते इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"पण ताटावर लिहून ठेवलंय मी," मी म्हटलं. "उष्टं कुणाचं होतं ते."

"पुसलं नाही ना जात ते?"

"नाही. कधीच नाही."

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्यापुढे ताट सरकवलं. "मग हरकत नाही," ती म्हणाली. "जेव आता, गार होतंय."